तीन पाट, पाच जेवणारे

“ऐकलंस का रे? गार्सियाला दिला पिट्सबर्गला!”

कुंपणापलीकडून काकूंनी हाक मारली तेव्हा मी दारासमोरचं बर्फ ओढत होतो. २०२५च्या डिसेंबरचा पहिला आठवडा. काकू मूळच्या कराडच्या. मुलगा-सून इथं मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला. नातवाच्या सोबतीला म्हणून त्या टीव्हीसमोर बसायला लागल्या. नातू कॉलेजात निघून गेला आणि बेसबॉल काकूंकडे राहिलं. बोस्टन रेड सॉक्सच्या संघात कोण कुठनं आला, कुणाला किती पैसे मिळतात, कोण कितव्या दिवशी परत खालच्या, वूस्टरच्या संघात गेला, हे त्यांना तोंडपाठ. ज्या उत्साहानं त्या कराडात असताना आळीतली लग्नं जुळवत आणि मोडत असतील, त्याच उत्साहानं इथं ट्रेड जुळवतात.

“कुठला गार्सिया?” मी मुद्दामच विचारलं.

“अरे, तो पासवर्ड!”

जॉस्टिंक्सन गार्सिया. व्हेनेझुएलाचा आउटफिल्डर. नावाचं स्पेलिंग इतकं अवघड की सगळे त्याला ‘द पासवर्ड’च म्हणतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुख्य संघातून जेमतेम थोडे सामने खेळला, आणि ४ डिसेंबरला त्याच्या बदल्यात पिट्सबर्गकडून योहान ओव्हिएदो नावाचा पिचर घेतला.

“गुरुवारची पूजा आटपून बसले होते, तर नातवाचा मेसेज. त्याचा भाऊपण आपल्याच फार्ममध्ये कॅचर आहे की रे! दोघं भाऊ एका घरात होते, आता एक पिट्सबर्गला. बरं, मिळालं काय? कोपराचं ऑपरेशन झालेला पिचर. २०२४चं अख्खं साल घरी बसलेला.”

“काकू, पिचर लागतोच. आउटफिल्डर किती आहेत आपल्याकडे?”

“तेच तर म्हणते मी. तीन पाट मांडलेत आणि पाच जण जेवायला बसलेत.”

पाच जण कोण, ते सांगतो. आउटफिल्डमध्ये लेफ्ट, सेंटर आणि राइट या तीन जागा. उमेदवार: जॅरन ड्युरन, सेडॅन रफायेला, विल्यर अब्रेऊ, रोमन अँथनी आणि जपानचा मासाताका योशिदा. योशिदाला क्षेत्ररक्षणाला फारसं पाठवत नाहीत. त्याला ठेवतात ते नुसतं फलंदाजीपुरतं, पण त्यामुळे ती चौथी सोयीची जागाही अडते. ओरिक्स बफेलोजकडून २०२२च्या डिसेंबरमध्ये त्याला आणला तो पाच वर्षांच्या नऊ कोटी डॉलरवर. खांद्याचं ऑपरेशन झालं, २०२५चा अर्धा हंगाम गेला. करार २०२७ पर्यंत आहे. तेवढे पैसे अंगावर घेऊन त्याला कोण नेणार?

“आणि बघ,” काकू म्हणाल्या, “रफायेला सोडला तर सगळे डावरे! ड्युरन डावरा, अब्रेऊ डावरा, अँथनी डावरा, योशिदा डावरा. समोर डावरा पिचर आला की आपल्या पोटात गोळा.”

इथं काकूंचं शंभर टक्के खरं आहे. डावऱ्या फलंदाजाला डावऱ्या पिचरचा चेंडू उशिरा दिसतो, आणि बाहेर जाणारा वळणाचा चेंडू त्याच्यापासून पळत जातो. अब्रेऊला तर डावरा पिचर असला की बऱ्याचदा बाकावरच बसवतात. आता ज्या माणसाला राइट फील्डमधल्या क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा मिळाला, ज्यानं ३० जून २०२५ला बोस्टनच्या फेनवे पार्कवर सिनसिनाटीविरुद्ध एकाच सामन्यात मैदानातल्या मैदानात पळून होम रन काढला आणि वर ग्रँड स्लॅमही मारला, त्याला पाळीपाळीनं खेळवायचं? ही चैन परवडते कारण मागं माणसं उभी आहेत. अडचणही तीच.

“अब्रेऊ आपल्याकडे आला कसा, माहितेय?” काकूंनी कुंपणाच्या फळीवरचा बर्फ हातमोज्यानं झाडला आणि कोपर टेकलं. याचा अर्थ बैठक लांबणार. “२०२२चा ऑगस्ट. आपण ह्यूस्टनला खेळायला गेलेलो. आपला कॅचर वास्केस सामन्याआधी फलंदाजीचा सराव करत होता आणि तिथंच त्याला कळलं की त्याला विकलाय. कुणाला? ह्यूस्टनलाच! पिशवी उचलायची आणि त्याच मैदानात पलीकडच्या खोलीत जायचं. चौदा वर्षांपूर्वी ज्या संघानं पोराला उचलला, त्याला असा वाटेला लावायचा? मी त्या दिवशी जेवले नाही नीट.”

“पण त्याच सौद्यात अब्रेऊ मिळाला.”

“मिळाला ना. म्हणून तर नंतर गप्प बसले.”

इथल्या व्यवस्थेची ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजायला वेळ लागतो. रणजीत मुंबईकडून खेळणारा पोरगा मुंबईचा असतो. भारताच्या संघात गेला काय, न गेला काय, मुंबई त्याला कुणाला विकू शकत नाही. इथं खालचे संघ म्हणजे वरच्याचीच शेती. नावच फार्म. रेड सॉक्सनं करारात घेतलेला पोरगा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादमीत किंवा फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सुरुवात करतो, पुढं व्हर्जिनियातलं सेलम, मग साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल, मग मेनमधलं पोर्टलंड, आणि शेवटची पायरी आमचं वूस्टर. प्रत्येक गावाचा संघ वेगळा, टोपी वेगळी, पण खेळाडूंच्या करारावर मालकी बोस्टनची. २०२१ला ही सगळी रचना आवळली आणि प्रत्येक मोठ्या संघाला चार याप्रमाणे एकशेवीस संघ ठेवले. त्याच वर्षी रेड सॉक्सचा वरचा फार्म संघ रोड आयलंडमधल्या पॉटकेटहून उठून वूस्टरच्या नव्या पोलर पार्कवर आला. श्रूजबरीहून मधलं क्विन्सिगामंड तळं ओलांडलं की आलंच. म्हणून तर आमच्या आळीत हे वारं शिरलं.

पोलर पार्कची मजा अशी की पुढच्या रांगेत बसलं की खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं. काकूंनी मे महिन्यात रोमन अँथनीला तिथं पाहिला. सामन्याआधी आउटफिल्डमध्ये एक प्रशिक्षक बॅटनं उंच चेंडू टोलवत होता आणि हा पोरगा प्रत्येक चेंडूला आधी पाठ करून पळायचा, तीन-चार ढांगांनी मान वळवायचा, आणि चेंडू जिथं येणार तिथं आधीच पोचलेला असायचा. एक चेंडू सुटला. त्यानं तो उचलून फेकला नाही. तिथंच थांबून दोन पावलं मागं गेला, एक पाऊल आडवं टाकलं, पुन्हा मागं. चुकलेलं पाऊल शोधत होता. काकू म्हणतात, “मी तेव्हाच सुनेला म्हटलं, हा पोरगा इथं फार दिवस राहत नाही.”

राहिला नाहीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं वूस्टरकडून ४९७ फुटांचा ग्रँड स्लॅम मारला. दोन दिवसांनी, ९ जूनला, अब्रेऊच्या बरगडीखालचा स्नायू दुखावला म्हणून बोस्टनहून बोलावणं आलं. वय २१. पहिल्या सामन्यात एकही हिट नाही, उलट राइट फील्डमध्ये चेंडू हातून सुटला. दुसऱ्या दिवशी डबल मारून त्यानं दोन धावा आणल्या. हंगाम संपताना ७१ सामन्यांत सरासरी .२९२.

आता यातली गंमत ऐका. २०२२च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, हा पोरगा ७९वा. त्याच वर्षी त्याच्याआधी रेड सॉक्सनंच दोघांना घेतलं होतं. शिवाय ती ७९वी निवडही त्यांच्या हक्काची नव्हती, एदुआर्दो रोद्रिगेस नावाचा पिचर करार संपून डेट्रॉइटला गेला त्याची भरपाई म्हणून मिळालेली. म्हणजे गेलेल्या पिचरच्या जागी फ्लोरिडातला शाळकरी पोरगा आला आणि तोच आता संघाचा कणा. स्काउट लोकांना मी उगाच नावं ठेवत नाही, पण या धंद्यात ज्योतिषाइतकीच खात्री असते. त्याच्याआधी घेतलेल्यांपैकी एक, कटर कॉफी, पुढं एका कॅचरच्या बदल्यात टोरंटोला गेलासुद्धा.

“आणि अँथनीला किती दिले?” काकू.

“आठ वर्षांचे तेरा कोटी डॉलर. ऑगस्टमध्ये सही झाली. मोठ्या संघात येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.”

“रफायेलाला पाच कोटी. कॅम्बेलला सहा कोटी. तेही आठ-आठ वर्षांचे. ही एवढी घाई कशाची, सांग बघू?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं, तरी काकूंना ते नाव घ्यायला आवडतं. मूकी बेट्स. २०११च्या निवडीत पाचव्या फेरीत मिळालेला बारीक चणीचा सेकंड बेसमन. त्या जागेवर पेड्रोया होता, म्हणून याला आउटफिल्डमध्ये ढकलला आणि तो तिथला राजा झाला. २०१८ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज. आणि २०२०च्या फेब्रुवारीत त्याला लॉस एंजलिस डॉजर्सला देऊन टाकला, कारण करार संपायला एक वर्ष उरलेलं आणि मागणी मोठी. बदल्यात आले व्हर्डुगो, डाउन्स आणि वाँग. डॉजर्सनं त्याच जुलैत त्याला बारा वर्षांचे साडेछत्तीस कोटी डॉलर दिले. त्यांनी २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सीरिज जिंकल्या, आणि तिन्ही वेळा बेट्स त्यांच्या संघात.

“बेब रूथला विकला १९१९च्या डिसेंबरात,” काकू म्हणाल्या. “बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा तेच. एकदा विकून शहाणे झाले नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा विकला.”

रूथच्या वेळी १९१८ ते २००४ अशी शहाऐंशी वर्षं या गावानं जेतेपद पाहिलं नाही. बेट्सच्या सौद्याचा घाव अजून ओला आहे. तेव्हा पोरगा महाग व्हायच्या आत त्याला बांधून टाकायचं, हे धोरण भीतीतून आलं, असं माझं मत. त्यामागं हिशेबही आहे. मोठ्या संघात १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं भरल्याशिवाय खेळाडूला बाजारात जाता येत नाही, आणि पहिली साधारण तीन वर्षं तर संघ देईल तोच पगार. २०२५ला मोठ्या संघातला किमान पगार होता सात लाख साठ हजार डॉलर. वूस्टरला खेळणाऱ्याला किमान वर्षाला पस्तीस-छत्तीस हजार. वूस्टरपासून फेनवेचा रस्ता तासाभराचा, पण पगारात एवढा फरक. एकवीस वर्षांच्या पोराला कुणी आठ वर्षांची हमी दिली तर तो स्वस्तात जातोय असं आपण म्हणावं आणि त्यानं सही करावी. रफायेला कुरसावचा. पहिल्यांदा करार केला तेव्हा हातात पडले दहा हजार डॉलर. त्याला पाच कोटी कमी का वाटतील? २०२५ला त्यानं सेंटर फील्डचा गोल्ड ग्लव्ह आणला. फेनवेच्या सेंटर फील्डचा तो कोपरा ४२० फुटांवर, त्रिकोणी, तिथं चेंडू शिरला की भले भले गोल फिरतात. हा तिथं धावत जाऊन झेल घेतो आणि वर हसतो. अशा माणसाला २०२५च्या उत्तरार्धात मधूनच सेकंड बेसवर उभा करत होते. काकूंचा त्यावर फार राग.

“घरातला सगळ्यात चांगला माणूस कुठंही चालतो म्हणून त्यालाच इकडून तिकडं पळवायचं,” त्या म्हणाल्या. हे त्या बेसबॉलबद्दल बोलत होत्या की आणखी कशाबद्दल, मी विचारलं नाही.

मग आलं भांडणाचं नाव. ड्युरन.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अँथनी, रफायेला, अब्रेऊ ही तिकडी लावायची, आणि ड्युरनला किंमत आहे तोवर देऊन चांगला पिचर किंवा मोठा फलंदाज आणायचा. २०२८ पर्यंत तो संघाच्या ताब्यात आहे, म्हणजे समोरचा तीन वर्षांचे पैसे मोजेल. एकदा करार संपत आला की बेट्सचीच गत. अँथनीला लेफ्ट फील्डात फेनवेच्या त्या हिरव्या भिंतीखाली उभा करा. सदतीस फूट उंच भिंत, फलंदाजापासून अवघी ३१० फुटांवर. तिथं चेंडू आपटून कसा परत येतो हे वर्षानुवर्षं उभं राहूनच कळतं. १९४०ला टेड विल्यम्स उभा राहिला, त्याच्यामागून यास्ट्रझेम्स्की, त्याच्यामागून जिम राइस. पन्नासेक वर्षं ती जागा मुख्यतः तिघांनीच सांभाळली. पुढची पंधरा वर्षं अँथनीची असू देत.

“आणि ड्युरनला हाकला?” काकूंचा आवाज चढला. “तू २०२२ विसरलास?”

२०२२चा जुलै कोण विसरेल? टोरंटोविरुद्ध फेनवेवर, तीन जण बेसवर. त्यांच्या टापियानं उंच चेंडू मारला. सेंटर फील्डमध्ये ड्युरन. संध्याकाळचं आभाळ आणि दिव्यांचा झोत, चेंडू त्याला दिसेनासा झाला आणि त्याच्या मागं बराच लांब पडला. ड्युरन जागेवर उभा. लेफ्ट फील्डमधून व्हर्डुगो जिवाच्या आकांतानं धावत आला, तोवर चारही जण घरी पोचले. सामना २८-५ असा गेला. गावानं त्या पोराला जे बोललं ते काकूंनी रेडिओवर ऐकलं होतं. हा मूळचा सेकंड बेसमन. २०१८च्या सातव्या फेरीतला. सेंटर फील्ड त्याच्या गळ्यात मारलेलं.

“दोन वर्षं थांबले, म्हणून चोवीस साली काय केलं त्यानं? अठ्ठेचाळीस डबल, चौदा ट्रिपल. ऑल स्टार सामन्याचा हिरो तोच. त्या दिवशी हाकलला असता तर?”

“आणि २०२५च्या प्लेऑफमध्ये?”

काकू क्षणभर थांबल्या. यांकी स्टेडियम, दुसरा सामना, पाचवा डाव. यांकीजच्या जजनं मारलेला खाली झेपावणारा चेंडू, ड्युरन लेफ्ट फील्डमधून पुढं धावत आला, ग्लव्ह लागला आणि चेंडू निसटला. यांकीजची धाव आली. सामना एका धावेनं गेला, दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली.

“तो झेल सोपा नव्हता,” काकू म्हणाल्या.

“मोठ्या संघातल्या माणसानं घ्यायला हवा होता.”

“अँथनी कुठं होता तेव्हा? सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेला बॅट फिरवताना त्याच्याच बरगडीखालचा स्नायू गेला, मग बसला बाकावर. अब्रेऊची पोटरी ऑगस्टपासून धरलेली. बाकी सगळे आडवे पडले तेव्हा उभा कोण होता? ड्युरन. आणि तू म्हणतोस जास्त झालेत, एक विका. विका म्हणजे ऑगस्टात पुन्हा शोधायला निघा!”

यावर माझ्याकडे नीटसं उत्तर नव्हतं. गर्दी मार्चमध्ये दिसते आणि सप्टेंबरात नाहीशी होते, हे दर वर्षी घडतं. तरीही मी हटलो नाही. कारण तिसऱ्या सामन्यात आपल्या बारा जणांना स्ट्राइक-आउट करून घरी पाठवणारा यांकीजचा श्लिटलर हा पिचर होता, आणि तो कुठला? वॉलपोलचा! आपल्याच मॅसॅच्युसेट्सचा पोरगा, बोस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात खेळलेला. अँथनी निवडला त्याच २०२२ साली सातव्या फेरीत यांकीजनं उचलला. घराशेजारचा पिचर आपल्या नजरेतून सुटतो, आणि आउटफिल्डर मात्र आपल्या शेतात तणासारखे वाढतात.

“तण म्हणू नकोस त्यांना,” काकू म्हणाल्या. “आणि असे वाढतात म्हणतोस तर उरतात किती? त्या टिब्सचं काय झालं?”

हे काकूंचं खास दुखणं. जूनच्या मध्याला डेव्हर्ससारख्या माणसाला, ज्याला २०२३ला दहा वर्षांचे एकतीस कोटींवर डॉलर कबूल केले होते, सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. बदल्यात आलेल्यांत जेम्स टिब्स हा पहिल्या फेरीतला आउटफिल्डर होता. नवा पोरगा म्हणून काकू त्याची माहिती गोळा करायला लागल्या. दीड महिन्यात, जुलैअखेर, त्याला आणखी एका आउटफिल्डरसकट डॉजर्सकडे दिला, डस्टिन मे नावाच्या पिचरसाठी. आणि मेनं काय केलं? काही नाही केलं. त्याआधीच्या डिसेंबरात शिकागोच्या व्हाइट सॉक्सला ब्रेडन माँटगोमरी गेलेला, तोही पहिल्या फेरीतला आउटफिल्डर. त्याच्यासकट चौघांच्या बदल्यात क्रोशे आला. तो सौदा मात्र काकूंनाही मान्य. क्रोशे पिचिंगला असला की त्या उदबत्ती लावतात.

फार्मचं असं आहे. काही पोरं खेळायला असतात, काही खर्चायला. कोण कशासाठी हे त्यांना कुणी सांगत नाही. ज्यांच्या हातात आठ वर्षांचा कागद पडला ते निर्धास्त. गार्सियासारखे पिशवी भरून ठेवतात. ब्रेस्लो साहेबांनी, म्हणजे संघाचे कर्तेधर्ते, येलमधून शिकलेले आणि स्वतः पिचर राहिलेले, गार्सियाच्या बाबतीत हिशेब बरोबरच केला असेल. वरचे चौघं असताना त्याला जागा मिळणार कधी? पण फार्ममधल्या आउटफिल्डरपैकी उजव्या हातानं जोरात मारणारा हाच एक तयार होता, आणि आपल्याला उणीव आहे ती नेमकी उजव्या हाताची. एवढं एक मला पटलेलं नाही. पोरगा द्यायचाच होता तर डावरा द्यायचा.

“पिट्सबर्ग म्हणजे तेच ना,” काकूंना आठवलं, “ज्यांनी आपल्याकडची दोन पोरं नेली होती? भालाफेकवाली?”

“हो, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ला. टीव्हीवरच्या स्पर्धेतनं.”

“मग सांभाळतील गार्सियाला. लांबच्या पोरांची सवय असेल त्यांना.” एवढं म्हणून त्यांनी पिट्सबर्गला माफ केलं.

मग डबा पुढं केला. गूळ-खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या, गुरुवारच्या नैवेद्यातल्या. मी फावडं बर्फात रोवलं आणि एक तिथंच खाल्ली.

“बरं, कॅम्बेलचं काय करणार ते?” काकूंनी पुढचं सुरू केलं. क्रिश्चन कॅम्बेल, ‘बेसबॉल अमेरिका’ मासिकाच्या मते २०२४चा सगळ्या फार्म संघांमधला सर्वोत्तम खेळाडू; एप्रिलमध्ये सहा कोटींचा करार, त्याच महिन्यात लीगचा सर्वोत्तम नवोदित, आणि जूनमध्ये वूस्टरला परत. सेकंड बेस झालं, आउटफिल्ड झालं, मग फर्स्ट बेस शिकवायला घेतलं.

“उजव्या हातानं मारतो,” मी म्हटलं. “आउटफिल्डमध्येच ठेवावा.”

“म्हणजे सहावा!”

“योशिदाला कुणी नेलं तर पाचवा.”

“योशिदाला कोण नेतंय? तू नेतोस?” काकूंनी झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. “एप्रिलची वूस्टरची तिकिटं आत्ताच काढून ठेव. पुढची रांग, लेफ्ट फील्डच्या बाजूची. कॅम्बेल तिथं उभा दिसला तर समजू ड्युरन राहिला. आणि डबा परत देताना रिकामा देऊ नकोस.”